नेमणूक त्यांच्या हातात, मुदतवाढही त्यांच्याच हातात

काही वर्षांपूर्वी एका जीवघेण्या मारहाणीच्या केसमध्ये मी पंच होतो, म्हणजे पोलिसांनी पंचनामा केला तेव्हा सही केली होती, आणि चारेक वर्षांनी सेशन्स कोर्टाचं समन्स आलं. सकाळीच जाऊन बसलो. सरकारी वकील आले ते फायलींचा गठ्ठा छातीशी धरून, बोर्डावर त्यांच्या वाट्याला इतकी मॅटर की कुठल्या केसची फाईल कुठली हेच शोधत होते. व्हरांड्यात मला गाठून म्हणाले, "पंच ना तुम्ही? सही ओळखाल ना?" एवढीच तयारी. माझ्या आधी जो साक्षीदार होता त्याने मारहाण डोळ्यांनी बघितली होती, तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला मी काहीच बघितलं नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर करून घेतलं, असा जबाब दिला होता का, नाही, आरोपीला वाचवायला खोटं बोलताय का, नाही, झालं, खाली बसले. आरोपी कोणाचा माणूस आहे हे कोर्टातल्या शिपायालाही माहीत होतं. नंतर बाहेर चहाच्या टपरीवर भेटले तेव्हा मी सहज विचारलं, साहेब केस कुठवर आली, तर म्हणाले, "माझी मुदत मार्चला संपतेय, पुढे मी असेन की दुसरं कोणी, बघू."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. माणूस वाईट नव्हता, आळशीही वाटला नाही. पण ज्याच्या खुर्चीवर पुढच्या महिन्यात कोण बसणार हे मंत्रालयात ठरणार आहे आणि समोर आरोपी म्हणून त्याच वर्तुळातला माणूस बसलाय, त्याने तिसरा प्रश्न विचारावा अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

सरकारी वकिलांवर राजकीय दबाव असतो असं म्हटलं की लोकांना वाटतं मंत्र्याचा फोन येत असेल. फोन येतही असतील. माझं म्हणणं असं आहे की फोनची गरजच पडत नाही, कारण दबाव नेमणुकीच्या पद्धतीतच शिवून टाकलेला आहे. नेमणूक सरकार करणार, मुदत संपली की वाढवायची की नाही हे सरकार ठरवणार, मधेच काढायचं तर तेही सरकारच. एवढं सगळं एका हातात असलं की कोणाला काही सांगावं लागत नाही, माणूस आपोआप सांभाळून वागतो.

आता महाराष्ट्रात हे कसं चालतं ते बघा, बऱ्याच लोकांना हा फरकच माहीत नसतो. मॅजिस्ट्रेट कोर्टात जे एपीपी असतात, सहायक सरकारी अभियोक्ता, ते एमपीएससीची परीक्षा देऊन येतात, कायम नोकरी, पगार, बढती, सगळं नियमाने. पूर्वी तिथेही अभियोक्ते पोलीस खात्याच्या ताब्यात होते, ते वेगळे काढा असं सुप्रीम कोर्टाला १९९५ मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात सांगावं लागलं. पण खून, बलात्कार, दरोडा असे मोठे खटले चालतात सेशन्स कोर्टात आणि तिथले जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील हे साधारण स्थानिक बारमधल्या वकिलांमधून ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात, १९८४ च्या विधी अधिकारी नियमांखाली, विधी व न्याय विभागाकडून. म्हणजे किरकोळ चोरीच्या केसमध्ये परीक्षा पास झालेला कायम माणूस आणि खुनाच्या केसमध्ये सरकारच्या मर्जीवरचा. हे उलटं आहे हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही. आणि सरकार बदललं की बार रूममध्ये काय चर्चा सुरू होते ते कुठल्याही जिल्ह्यात जाऊन ऐका, पॅनलवर आता कोण येणार, कोणाची कोणाकडे ओळख आहे, पालकमंत्र्यांचं पत्र कोणी आणलं.

कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २४ होतं, त्यात लिहिलेलं की जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून लायक वकिलांचं पॅनल बनवायचं आणि त्या पॅनलमध्ये नाव नसेल तर सरकारला त्या माणसाला नेमताच येणार नाही. साधी गोष्ट आहे, रोज समोर उभं राहणाऱ्या वकिलांत कोणाला उलटतपासणी जमते आणि कोण नुसत्या तारखा मागतो हे न्यायाधीशाइतकं कोणाला माहीत असणार! पण महाराष्ट्राने १९८१ मध्ये या कलमात राज्यापुरती दुरुस्ती केली. हायकोर्टातल्या सरकारी वकिलांच्या नेमणुकीसाठी असलेले 'हायकोर्टाशी सल्लामसलत करून' हे शब्द काढले, आणि जिल्ह्याच्या पॅनलसाठी 'सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून' याच्या जागी 'राज्य सरकारच्या मंजुरीने' असे शब्द घातले. म्हणजे नावांची यादी सरकारच्या मंजुरीने बनणार आणि मग त्याच यादीतून सरकारच निवडणार. चाळणीच काढून टाकली. त्यानंतर चाळीसेक वर्षांत कुठल्या कुठल्या पक्षांची सरकारं आली गेली, विरोधात असताना सगळे न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्यावर भाषणं करत होते, पण ही दुरुस्ती मागे घ्यायला कोणी हात लावला नाही, कारण सत्तेत आल्यावर ती सगळ्यांच्याच सोयीची असते.

असं करणारा महाराष्ट्र एकटा नव्हता. उत्तर प्रदेशानेही सल्लामसलतीची अट काढली होती. २००६ मध्ये कायदा आयोगाने १९७वा अहवाल मुद्दाम याच विषयावर काढला आणि राज्यांनी सत्र न्यायाधीशांना बाजूला काढणं हे मनमानीला दार उघडणं आहे अशी भूमिका घेतली. अहवाल आला आणि राहिला.

उत्तर प्रदेशचं नाव घेतलंच आहे तर १९९० चं प्रकरण सांगायलाच पाहिजे. डिसेंबर १९८९ मध्ये तिथे नवीन सरकार आलं आणि ६ फेब्रुवारी १९९० ला एकच परिपत्रक निघालं, राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांतले सगळे सरकारी वकील २८ फेब्रुवारीपासून बंद. कोणाचं काम चांगलं, कोणाचं वाईट, कोणाची मुदत शिल्लक, काही बघितलं नाही, एका सहीत सगळे घरी. कुमारी श्रीलेखा विद्यार्थी आणि इतर कोर्टात गेले आणि सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते परिपत्रक रद्द केलं. सरकारचं म्हणणं होतं की हे तर वकील आणि पक्षकाराचं नातं आहे, आम्हाला नको तर नको. कोर्टाने ते मानलं नाही, म्हणाले हे सार्वजनिक पद आहे, त्याला घटनेचं समानतेचं १४वं कलम लागू होतं, कारण न देता मनमानी करता येणार नाही. निकाल छान आहे. पण सरकारं त्यातून एवढंच शिकली की एका परिपत्रकात सगळ्यांना काढायचं नाही, मुदत संपू द्यायची आणि वाढवायची नाही, मग कोर्टात जायला कोणाला फारसा आधारच राहत नाही.

वकील बदलला की केसचं काय होतं हे बघायचं असेल तर जयललितांच्या बेहिशेबी मालमत्तेचा खटला घ्या. २००१ मध्ये त्या पुन्हा सत्तेत आल्या, म्हणजे ज्या राज्याने खटला चालवायचा त्या राज्याच्या प्रमुखच आरोपी. त्यानंतर आधी साक्ष देऊन गेलेल्या ७६ साक्षीदारांना उलटतपासणीसाठी परत बोलावलं गेलं आणि त्यातले ६४ फिरले. चौसष्ट! आणि सरकारी वकिलाने काय केलं, तर परत बोलावायला विरोध केला नाही, साक्षीदार फिरल्यावर त्यांना फितूर जाहीर करून प्रश्नही विचारले नाहीत. कुठलाही कायदा मोडला नाही त्याने, फक्त उठला नाही. १८ नोव्हेंबर २००३ ला सुप्रीम कोर्टाने खटला उचलून बंगळुरूला नेला, वकील कर्नाटकने नेमायचा असं सांगितलं, आणि तीच केस, तोच पुरावा, २७ सप्टेंबर २०१४ ला विशेष कोर्टात शिक्षा झाली. पुढे हायकोर्टात निर्दोष, मग सुप्रीम कोर्टात २०१७ ला निकाल परत फिरला, तोपर्यंत त्या गेल्या होत्या. त्या अपिलातही सरकारी वकील कोणी नेमायचा यावरून भांडण झालं आणि एप्रिल २०१५ मध्ये तामिळनाडूने केलेली नेमणूक सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवली.

बेस्ट बेकरीचं तसंच. वडोदऱ्याला मार्च २००२ मध्ये १४ माणसं मारली, जून २००३ मध्ये २१ चे २१ आरोपी सुटले, आणि एप्रिल २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाला लिहावं लागलं की सरकारी वकील आरोपीच्या वकिलासारखा वागला. फेरखटला मुंबईत चालला, तिथे ९ जणांना शिक्षा झाली. मला या सगळ्यातून दिसतं ते हे की सरकारी वकिलाला केस बुडवायची असेल तर त्याला काही वाईट करावं लागत नाही, नुसतं चांगलं करायचं थांबवलं तरी पुरतं. जामिनाच्या अर्जावर से, म्हणजे सरकारचं लेखी म्हणणं, द्यायला उशीर करायचा. महत्त्वाच्या साक्षीदाराचं समन्स बजावलं गेलं की नाही याचा पाठपुरावा करायचा नाही. फितूर साक्षीदाराला दोन प्रश्न विचारून बसायचं. सुटका झाली तर अपील करण्यासारखं काही नाही असा अभिप्राय द्यायचा. यातलं काहीही कागदावर गुन्हा म्हणून दिसत नाही, म्हणून तर नेमणुकीच्या दारातच लक्ष द्यायला हवं, नंतर पकडणं जवळजवळ अशक्य आहे.

आणि सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे खटला मागे घेणं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३२१. कायदा म्हणतो की मागे घ्यायचा अर्ज सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने विचार करून द्यायचा. बिहारमध्ये जगन्नाथ मिश्रांवर पाटण्याच्या एका सहकारी बँकेच्या व्यवहाराचा खटला होता, १९८० मध्ये तेच मुख्यमंत्री झाले, त्यांच्या सरकारने खटला मागे घ्यायचं ठरवलं, त्यासाठी नवीन विशेष सरकारी वकील, म्हणजे त्या खटल्यापुरता वेगळा वकील, नेमला आणि त्याने जून १९८१ मध्ये अर्ज दिला. शिवनंदन पासवान हे प्रकरण लढत सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठापर्यंत गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये ३ विरुद्ध २ ने हरले. भगवती आणि ओझा हे दोन न्यायमूर्ती विरोधात होते. मला त्या दोघांचं पटतं. नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्याच खटल्याबाबत स्वतंत्र विचार करतोय असं मानून चालायचं, हे कागदावर ठीक आहे, पण माणसं अशी नसतात. २०२१ मध्ये मात्र केरळ विधानसभेतल्या तोडफोडीचा खटला मागे घ्यायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमदार-खासदारांवरचे खटले हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत असंही सांगितलं. उशिरा का होईना, बरं झालं.

आपल्याकडचं सांगायचं तर मालेगाव. सप्टेंबर २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात रोहिणी सालियन विशेष सरकारी वकील होत्या. जून २०१५ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितलं की केंद्रात नवीन सरकार आल्यानंतर आरोपींबाबत नरमाईने घ्या असा निरोप एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, अधिकाऱ्याकडून आला. एनआयएने ते नाकारलं. त्यानंतर त्या केसमध्ये राहिल्या नाहीत. ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. आता मी असं म्हणत नाही की वकील बदलला म्हणून सुटले, ते मला म्हणता येणार नाही, पुरावा कोर्टाने तपासलाय. पण विचार करा, त्या आरोपींचंही नुकसानच झालं ना, कोर्टाने निर्दोष सोडलं तरी अर्ध्या लोकांच्या मनात शंका राहणार, आणि ज्यांची माणसं त्या स्फोटात गेली त्यांच्या मनात तर ती कायमची राहणार. नेमणूक स्वच्छ नसली की निकाल बरोबर असला तरी तो कोणाच्या गळी उतरत नाही.

आता थोडं विशेष सरकारी वकिलांबद्दल, कारण मला वाटतं खरं दुखणं इथे दिसतं. महाराष्ट्रात कुठेही मोठा गुन्हा घडला, की मोर्चा निघतो आणि निवेदनात दोन मागण्या ठरलेल्या असतात, फास्ट ट्रॅक कोर्ट आणि अमुक विशेष सरकारी वकील. मग मंत्री कॅमेऱ्यासमोर जाहीर करतात आणि टाळ्या पडतात. या मागणीचा अर्थ काय आहे कधी विचार केलाय? लोक सांगतायत की जिल्ह्यात सरकारने नेमलेला जो नेहमीचा वकील आहे त्याच्यावर आमचा भरवसा नाही. हे इतक्या उघडपणे वर्षानुवर्षं चाललंय आणि त्यावर सरकारला लाज वाटायच्या ऐवजी ते मेहरबानी केल्यासारखं एकेक नाव वाटतं. ज्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही, ज्या बाईची बातमी होत नाही, तिच्या वाट्याला तोच मार्चला मुदत संपणारा वकील.

आणि मग हेच विशेष वकील राजकारणात गेले तर? उज्ज्वल निकम २६/११ चा खटला लढले, कसाबला फाशी झाली, त्यांचं नाव घराघरात आहे. २०२४ मध्ये ते मुंबई उत्तर मध्यमधून भाजपचे उमेदवार म्हणून लोकसभेला उभे राहिले, हरले, आणि थोड्याच दिवसांत त्यांची सरकारी वकील म्हणून पुन्हा नेमणूक झाली, पुढे बदलापूर, संतोष देशमुख खून अशा केसेसही दिल्या, जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त खासदार झाले. त्यांच्या वकिलीबद्दल मला काही म्हणायचं नाही, अनुभव कोणीही नाकारणार नाही. प्रश्न नियमाचा आहे. न्यायाधीश निवडणूक लढवून परत खुर्चीवर बसला तर आपण चालवून घेऊ का? मग ज्या केसमध्ये आरोपीचे सत्ताधाऱ्यांशी संबंध असल्याची चर्चा आहे तिथे सत्ताधारी पक्षाच्या माजी उमेदवाराला सरकारी वकील नेमताना किमान दोन-चार वर्षांचं अंतर असावं असा साधा नियमसुद्धा आपल्याकडे नाही. उद्या दुसरा पक्ष आला आणि त्याने त्याचा माणूस बसवला की आज गप्प असलेले ओरडतील.

यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. लोकांनी निवडून दिलेलं सरकार आहे, त्याला आपला वकील निवडायचा हक्क नको का? जमिनीच्या दाव्यात, कंत्राटाच्या भांडणात, सरकार स्वतः पक्षकार असतं तिथे मला हे मान्य आहे, तरी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात सांगितलंच की विधी अधिकारी नेमायचीही पद्धत पारदर्शक हवी, निवड समिती हवी, जनतेच्या पैशातून पगार जातो. पण फौजदारी खटला सरकारच्या मालकीचा नसतोच. तो समाजाच्या नावाने चालतो, आणि सरकारी वकिलाचं काम आरोपीला काहीही करून आत टाकणं हेही नाही, आरोपीच्या बाजूचा पुरावा असेल तर तोही कोर्टापुढे ठेवायचा असतो. त्याने सरकार हेच आपलं अशील मानलं तर तो दोन्ही बाजूंनी धोक्याचा, सत्तेतल्या माणसाला सोडवायलाही आणि विरोधातल्याला अडकवायलाही.

अमेरिकेत तर केंद्र सरकारचे जिल्ह्याजिल्ह्यातले मुख्य सरकारी वकील कायद्यानेच राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर असतात, त्यांना काढायला कारण द्यायची सक्ती नाही. तरीही ७ डिसेंबर २००६ ला एका दिवसात सात जणांना काढलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. न्यू मेक्सिकोच्या डेव्हिड इग्लेसियासनी सांगितलं की निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांचे फोन आले होते, विरोधी पक्षाच्या माणसांवर आरोपपत्र कधी येतंय म्हणून. शपथेवर चौकश्या झाल्या आणि २००७ मध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे तिथल्या न्याय खात्याचे प्रमुख, अल्बर्टो गोन्झालेस यांना जावं लागलं. तिथलं सगळं चांगलं असं नाही, पण का काढलं हा प्रश्न तरी विचारला गेला. आपल्याकडे जिल्हा सरकारी वकील बदलला तर स्थानिक पेपरमध्ये आत कुठेतरी चार ओळी, त्याही नवीन आलेल्याच्या सत्काराच्या.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १८ मध्ये मूळची अट आहे, पॅनल सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करूनच. खटला मागे घ्यायचा तर कलम ३६० प्रमाणे पीडिताला ऐकल्याशिवाय कोर्टाला परवानगी देता येत नाही, ही खरंच चांगली भर आहे. पण अभियोग संचालकाच्या, म्हणजे सरकारी वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नेमणुकीला आधी हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींची सहमती लागायची, ती नव्या कायद्यातून गेली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. आणि विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा, असल्यामुळे १९८१ सारखी दुरुस्ती कुठलंही राज्य पुन्हा आणू शकतं, म्हणून महाराष्ट्रातल्या बार असोसिएशन्सनी आणि आमदारांनी आत्ताच डोळ्यात तेल घालून बसायला पाहिजे.

माझी मागणी फार मोठी नाही. सेशन्स कोर्टातल्या वकिलांची निवड एपीपींसारखीच जाहिरात, परीक्षा आणि हायकोर्टाच्या माणसांसह मुलाखत अशी व्हावी. मुदतीवरच नेमायचं असेल तर मुदत एकच आणि मोठी द्या, सहा-सात वर्षं, परत मुदतवाढ नाही, म्हणजे मर्जी राखायचं कारणच उरत नाही. मधे काढायचं तर लेखी कारण आणि सत्र न्यायाधीशांचा अभिप्राय, आणि तो कागद लोकांना बघता यावा. खर्च वाढेल, हो वाढेल, पण दर मोठ्या केसला बाहेरून विशेष वकील आणतो त्याचीही फी जनताच भरते.

त्या मारहाणीच्या केसचा निकाल मी साक्ष दिली त्याच्या पुढच्या वर्षी लागला. तोपर्यंत सरकारी वकील खरंच बदलले होते. नवीन आलेल्यांनी युक्तिवाद केला तेव्हा पंचाचं नाव म्हणून माझ्याऐवजी दुसऱ्याच केसमधल्या पंचाचं नाव वाचलं, न्यायाधीशांनी दुरुस्त केलं. आरोपी सुटला. ज्याला मार बसला होता त्याची आई कोर्टाच्या पायरीवर मला विचारत होती, "भाऊ, वरच्या कोर्टात सरकार जाईल का?" मी तिला सांगितलं की ते आता आत गेले ना त्या वकीलसाहेबांच्या अभिप्रायावर आहे. ती बराच वेळ त्या दाराकडे बघत उभी होती.